दोनदा आलं तर

छापखान्यात त्याला सगळे अनुस्वार म्हणायचे. ठेंगणी, गोलसर मूर्ती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असला तर कुणाच्या लक्षात यायचा नाही, आणि नसला की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. तो प्रुफं तपासायचा. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका शोधण्यात गेलं आणि उरलेलं माझ्या बोलण्यातल्या शोधण्यात, असं त्याची बायको म्हणायची. हसत म्हणायची. निदान त्याला तरी ते हसणं वाटायचं.

छापखान्यासमोर एक लाँड्री होती. आपले कपडे आपणच मशीनमध्ये टाकायचे, धुऊन वाळले की घेऊन जायचं, अशी. मालकाला गिऱ्हाइकं कडक म्हणत, कारण त्याचा शर्ट संध्याकाळीसुद्धा नुकताच इस्त्रीखालून निघाल्यासारखा असे. माणूस मात्र लोण्यासारखा मऊ. कपडे होईस्तोवर गिऱ्हाइकांनी बसून करायचं काय, म्हणून त्याने कोपऱ्यात एक जुनं पिनबॉलचं मशीन आणून ठेवलं होतं. तिरप्या काचेखाली रंगीत मैदान. दट्ट्या ओढून सोडला की पोलादी गोळी सुसाट वर जायची आणि दिव्यांवर, रबरांवर टणाटणा आपटत खाली यायची. खाली दोन पाती. दोन्ही अंगांची बटणं दाबून ती उडवायची आणि गोळीला परत वर हाणायचं. पात्यांच्या मधून किंवा कडेच्या गल्लीतून ती निसटली की संपलं. एका डावात अशा तीन गोळ्या.

अनुस्वार कित्येक वर्षं जेवणाच्या सुट्टीत तिथे खेळायचा. डबा पटकन उरकायचा आणि रस्ता ओलांडायचा. त्याचं खेळणं त्याच्या कामासारखंच होतं, सावकाश आणि निगुतीचं. गोळी आली की लगेच हाणायची नाही, पातं उचलून धरून तिला आधी थांबवायचं, मग नेम धरायचा. मशीनच्या माथ्यावरच्या काचेत आजवरचा सगळ्यात मोठा आकडा दिसत राही, पावणेसहा लाखांचा, आणि तो त्याचा होता. हजारो पानं त्याच्या हाताखालून छापून गेली, पण एकावरही त्याचा उल्लेख नव्हता. तेव्हा तो आकडा म्हणजे जे काय होतं ते होतं.

घरी त्याने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखी वाटली नाही. लेक लग्न करून दूरच्या गावी गेल्यापासून घरात बोलणंच कमी झालं होतं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. भाजी काय आणायची, दिव्याचं बटण का बिघडलंय, एवढं बोलून झालं की दिवस संपायचा. बायको एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, कुणाच्या आजोबांचा कोट नातवाच्या अंगाला बसवणं, असलं काम. दुकानाच्या मालकीणबाईंनंतर तिथे तिच्याच हाताला मान होता.

एके दिवशी घरचं धुण्याचं मशीन बसलं. बायको संध्याकाळी चादरींचं गाठोडं घेऊन लाँड्रीत आली. अनुस्वार छापखान्यातून सुटून तिच्या मदतीला गेला. चादरी फिरायला लागल्या आणि ती कोपऱ्याकडे वळली.

"हे काय हो?"

"खेळ आहे. पोराटोरांचा," तो म्हणाला.

कडकने काउंटरवरून मान वर केली. "पोराटोरांचा? वहिनी, तुमचं पोर रोज दुपारी इथेच असतं!"

"असं होय!" तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, गंमत होती. "मग मला पण खेळून बघू द्या."

ती उभी राहिली, पर्स खांद्यावरच ठेवून. दट्ट्या ओढला. गोळी वर गेली आणि बाईसाहेब तिच्याशी बोलायलाच लागल्या. "अगं, अगं, तिकडे कुठे चाललीस? ये इकडे. ये बाई. आता जा!" दोन्ही बटणं एकदम, फटाफट. नेम नाही, थांबणं नाही. उजवा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर असावा तसा जमिनीवर ताल धरत होता. आणि शिवणकामाचं जड टेबल कमरेने रेटावं तसं मधूनच ती पिनबॉलला कमरेने हळूच रेटायची. गोळी गल्लीत शिरता शिरता विचार बदलून परत यायची.

अनुस्वार आधी हसत होता. मग नुसताच बघत होता. पहिली गोळी संपेचना. ड्रायरपाशी बसलेले दोघेतिघे उठून आले. एक जाड्या, पायात एकच मोजा घातलेला (दुसरा आत फिरत होता), तो तर टाळ्याच पिटायला लागला. तिसरी गोळी गेली तेव्हा माथ्यावरच्या काचेतला आकडा बदलला होता. नऊ लाखांवर.

"वहिनी!" कडक काउंटर सोडून आला. "अहो, हात आहे का काय आहे!"

ती लाल झाली होती. केस कपाळावर आले होते. लेकीच्या लग्नानंतर तिचा असा चेहरा अनुस्वाराने पाहिला नव्हता. त्याला तो आवडला, अगदी खरोखर आवडला. आणि तरी त्याच्या तोंडून गेलं ते असं:

"तुक्का हो! पहिल्यांदा खेळणाऱ्याचा लागतोच तुक्का."

सगळे हसले. तीही हसली. बोलणं तिथेच विरायला हवं होतं.

घरी जाताना गाठोडं दोघांनी दोन टोकांना धरलं होतं. कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी ती म्हणाली, "एक सांगायचं होतं. बाई दुकान सोडतायत. त्यांची लेक येणार आहे न्यायला, महिनाअखेरीस. मला म्हणतात, तू चालव. जागामालकाशी बोलून देते म्हणतात, मशीनं आहेत तशी राहू देत म्हणतात."

"कधी म्हणाल्या?"

"झाले आठ दिवस."

"आणि तू आत्ता सांगतेस?"

"धीरच होत नव्हता. आज म्हटलं सांगावं." तिने गाठोड्याचं टोक नीट धरलं. "मी हो म्हणावं म्हणते."

आता इथे चांगला नवरा काय म्हणाला असता, याचा अनुस्वाराने पुढे पुष्कळ विचार केला. त्या वेळी तो म्हणाला, "अगं, मशीनवर एक डाव लागला म्हणून दुकान घेऊ नकोस हं."

"डावाचा आणि दुकानाचा काय संबंध?"

"नाही, संबंध नाही. मी आपलं म्हटलं. आमच्याकडे कसं असतं, एखादं चमत्कारिक रूप मजकुरात एकदा आलं तर ती चूक समजतात. तेच दोनदा आलं तर लेखकाला तसंच हवंय म्हणून हात लावत नाहीत."

हा खरोखरच छापखान्यातला रिवाज होता आणि तो त्याने सहज, बोलायचं म्हणून सांगितला होता. पण ती पुढची सगळी वाट तेच मनात घोळवत चालली. जिन्यापाशी गाठोडं खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे दोनदा आलं तर चूक नाही."

"काय?"

"नऊ लाख. पुन्हा एकदा आणते. आणले तर बाईंना हो सांगते. नाही आणले तर तुमचं बरोबर."

"अगं, असं कुठे असतं का!"

"तुमच्याकडे असतं ना? मग?" आणि ती गाठोडं एकटीच उचलून जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी येऊ लागली. धुवायला काहीतरी हवं म्हणून कधी पडदे, कधी उशांचे अभ्रे. कडक म्हणायचा, "वहिनी, घरात आता न धुतलेलं काही राहिलंय का? आमच्या भावाला टाकायचं का आत?"

पहिले दोन-तीन दिवस तिचे डाव तीन-चार लाखांच्या आसपास गेले. मग तिने नवऱ्याकडे वळून विचारलं, "माझं चुकतंय कुठे, सांगा ना."

गेल्या कित्येक वर्षांत असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. लेखक चुका दाखवल्या की चिडायचे, छापखान्याचा व्यवस्थापक घाई करायचा, लेक तर लहानपणापासूनच म्हणायची, "बाबा, आता पुरे." इथे एक माणूस आपणहून वही पुढे करावी तसं विचारत होतं. अनुस्वाराचा ऊर भरून आला म्हटलं तरी चालेल.

त्याने शिकवायला सुरुवात केली. दोन्ही पाती एकदम उडवायची नाहीत. गोळी येऊ दे, पातं उचलून धर, तिला कुशीत घेतल्यासारखं थांबव. आता बघ कुठे मारायचं ते. पात्याच्या टोकावर आली की पलीकडे जाते, मध्यावर असली की वर जाते. धक्का देऊ नकोस, फार हललं की मशीन रुसतं आणि पाती मरतात. बोलू नकोस, लक्ष जातं. आणि तो पाय, पाय हलवू नकोस.

"पाय हलतोय मला कळतच नाही हो."

"म्हणून तर सांगतो."

ती शिकली. बोटांत कसब होतंच. आठवडाभरात ती गोळी हवी तिथे थांबवायला लागली. पाच लाखांपर्यंत पोचली. एकदा पाचाच्याही वर. घरी जाताना आता दोघं बोलत. त्या डाव्या गल्लीचं काय करावं, तिसरी गोळी नेहमी घाईत का जाते, असलं बोलणं. पण बोलता बोलता ते भलतीकडेही जायचं, लेकीच्या लहानपणाकडे, बाईंच्या दुकानातल्या त्या गिऱ्हाइकाकडे, जो दरवर्षी तीच विजार आणतो आणि दरवर्षी कंबर सैल करून नेतो. अनुस्वार मोठ्याने हसायचा. स्वतःच्या हसण्याचा आवाज त्याला अनोळखी वाटायचा.

मग एका दुपारी मिस्त्री आला.

अनुस्वार नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून गेला तर मशीनची काच भिंतीला टेकवलेली, आणि मिस्त्री खाली उताणा पडून मागच्या पायांचे पेच फिरवत होता. कडक बाजूला हातात विजेरी घेऊन उभा.

"काय झालं?" अनुस्वाराने विचारलं.

"व्हायचं काय? हे मशीन झोपलं होतं," मिस्त्री खालूनच म्हणाला. "धुण्याच्या पाण्याने फरशी बसली, मागचे पाय खचले. मैदान जवळजवळ सपाट. गोळी रमतगमत यायची. आता उभं केलंय. आणि ह्या कडेच्या गल्ल्या पण थोड्या उघडल्यात, मुळात होत्या तेवढ्या." तो उठला, मैदानावर पाणसळ ठेवून उतार बघितला, मग माथ्यावरच्या आकड्याकडे बघून हसला. "नऊ लाख! आता विसरा म्हणावं. इथून पुढे चार लाख करील त्याचा सत्कार करा."

अनुस्वाराने तीन डाव खेळून पाहिले. गोळी अंगावर धावून येत होती. तिन्ही दीड लाखाच्या आत आटपले. तो घामाघूम झाला.

"वहिनींना सांग रे," कडक म्हणाला. "नाहीतर उगीच वाटेल त्यांना, हात गेला म्हणून."

"हो, हो. सांगतो."

त्याला सांगायचंच होतं. ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. दुपारभर प्रुफं वाचताना तो वाक्य जुळवत होता. त्याच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली होती, आणि ती त्याला टोचत होती: झोपलेल्या मशीनवर तोसुद्धा वर्षानुवर्षं खेळत होता. त्याच सपाट मैदानावर त्याच रमतगमत येणाऱ्या गोळीचे त्याला पावणेसहा मिळाले आणि तिला नऊ. म्हणजे सांगायचं तर हेही सांगावं लागणार.

संध्याकाळी ती आली. गाठोड्यात फक्त एक टेबलक्लॉथ. आली ती सरळ मशीनपाशी. दोन डाव खेळली आणि दोन्ही लाखाच्या आतबाहेर गेले. तिने हात बटणांवरून काढून पाहिले, जणू बोटं कुणी बदलली असावीत.

"अहो, आज काय झालंय मला? सांगा ना."

आणि तो म्हणाला, "तू पातं उशिरा उचलतेस."

हे खोटं नव्हतं. गोळी वेगात येत होती, तेव्हा पातं उशिराच उठत होतं. प्रुफातली चूक होती, दाखवली. सगळं पान चुकीच्या पुस्तकात बांधलंय, तेवढं फक्त सांगितलं नाही. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. कारण आज सांगितलं तर ती म्हणेल, मग आता काय अर्थ आहे, आणि टेबलक्लॉथ उचलून घरी जाईल, आणि उद्या येणार नाही. घरचं मशीन तर केव्हाच दुरुस्त होऊन आलं होतं.

उद्याचा परवा झाला. चार दिवसांनी कडकने हळूच विचारलं, "वहिनींना सांगितलंस ना?"

"सांगितलं की."

"मग तरी खेळतात? कमाल आहे बाईमाणसाची!"

तो स्वतः तिच्यासमोर खेळेनासा झाला. "तू खेळ, मी बघतो," म्हणायचा. आणि ती खेळायची. दुकानातून निघाली की तडक इथे. दमलेली, बोटांच्या टोकांना सुईचे व्रण. दोन लाख. अडीच. एखाद दिवशी तीन, की तिच्या तोंडावर थोडा उजेड यायचा आणि माथ्यावरच्या नऊ लाखांकडे नजर गेली की जायचा. आता ती गोळीशी बोलत नव्हती. पाय जमिनीला खिळलेला. अनुस्वार बाजूला उभा राहून सांगे, थांबव, आता, हळू, शाबास, आणि ती त्याचं अक्षर न् अक्षर पाळत होती. वाटेतलं बोलणंही आता मशीनबाहेर जाईना.

एकदा तिने विचारलं, "पहिल्या दिवशी मी असं काय केलं होतं हो?"

"काही नाही. म्हणून तर..." आणि त्याने वाक्य तिथेच तोडलं.

"म्हणून तर तुक्का," तिने पूर्ण केलं. चिडून नाही. एखादं माप टिपून घ्यावं तसं.

महिनाअखेर आली. बाईंची लेक येऊन दाखल झाली होती. दुकानातले जुने डबे, दोऱ्यांची रिळं, पुठ्ठ्याचे साचे बांधून झाले होते. "बाई म्हणाल्या, उद्या सकाळी सांग," बायको म्हणाली आणि पर्स काढून बाकावर ठेवली. पर्स काढून ती प्रथमच खेळत होती.

तो डाव अनुस्वाराने आयुष्यभर विसरायचा प्रयत्न केला. ती सुरेख खेळली, दुसरा शब्द नाही. अंगावर येणारी ती वेडी गोळी ती नुसत्या पात्याच्या कलाने थोपवत होती. एकदा गोळी उघड्या गल्लीच्या तोंडाशी गेली, तेव्हा तिने तळहाताने कडेला अशी काही थाप दिली, ना जास्त ना कमी, की ती चक्क माघारी आली. हे त्याने शिकवलेलं नव्हतं. हे त्याला येतच नव्हतं. दुसरी गोळी चार लाखांवर गेली. तिसरी संपली तेव्हा साडेसहा लाख झाले होते.

कडक काउंटरवर दोन्ही हात टेकून बघत राहिला होता. त्याच्या तोंडून शिट्टी निघाली.

तिने आकडा वाचला. मग वरचा वाचला. "नाही झाले," ती म्हणाली.

"काय नाही झाले?" कडक ओरडलाच. "वहिनी, अहो, ह्या मशीनवर साडेसहा म्हणजे काय चेष्टा आहे? अहो, मिस्त्री तर..."

"चल," अनुस्वार मध्येच म्हणाला, जरा मोठ्यानेच. "कपडे वाळले तुझे. चल, उशीर होतोय."

कडक वळला. त्याने अनुस्वाराकडे पाहिलं, आणि पाहता पाहता त्याला काय ते समजलं. अनुस्वाराने नजर चुकवून ड्रायरचं दार उघडलं. आत दोन टॉवेल होते, अजून ओलेच. त्याने ते तसेच पिशवीत कोंबले.

आपलं खोटं उघडं पडू नये, एवढाच विचार त्या क्षणी त्याच्या मनात होता. फक्त एवढाच. दुकान, तिचा शब्द, उद्याची सकाळ, काही काही नव्हतं. माणूस किती थोडक्यासाठी काय करतो.

रात्रभर मात्र त्याला झोप आली नाही. पहाटे कुठे डोळा लागला, आणि तो डोळे चोळत उठला तर ती निघून गेलेली. छापखान्यात त्याने पान उघडलं, एक ओळ वाचली, परत वाचली, आणि उठला. व्यवस्थापक म्हणाला, "अनुस्वार कुठे उडाला?" तोवर तो जिना उतरला होता.

दुकानात एक तरुण शिंपी पट्टी घेऊन कपाटाची रुंदी मोजत होता. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. बायको नेहमीच्या जागी, खिडकीपाशी, कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत.

"या," बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी नव्हे ते."

"दुकान..." त्याला दम लागला होता. "दुकानाचं ठरलं का?"

"ठरलं की. ह्यांनी घेतलं." बाईंनी शिंप्याकडे हात केला. शिंप्याने पट्टी तोंडात धरून नमस्कार केला. "तुमच्या बायकोला मी तीनदा विचारलं हो. म्हणते, माझ्या हातात काही नाही, जे झालं ते नशिबाने झालं. वीस-पंचवीस वर्षं मी तिचा हात बघतेय, आणि मलाच सांगते! कुणी भरवलं तिच्या डोक्यात कोण जाणे."

बायकोने मान वर केली. "काय झालं? लेकीचा फोन आला का?"

"नाही. जरा बाहेर येतेस?"

ती कोट बाजूला ठेवून आली. दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, त्याने सांगितलं. मशीन खचलं होतं ते. मिस्त्रीने उचललं ते. गल्ल्या उघडल्या ते. कालचे साडेसहा म्हणजे पहिल्या नवांपेक्षा मोठे, आणि पहिले नऊसुद्धा तिचेच, कारण त्याच मशीनवर त्याला स्वतःला कधी सहासुद्धा जमले नव्हते. सगळं एका दमात, विरामचिन्हांशिवाय.

ती ऐकत होती. बोटांत उसवलेल्या दोऱ्याचा एक तुकडा होता, तो ती गुंडाळत होती.

"मिस्त्री कधी आला होता?"

"झाले बरेच दिवस."

"तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग रोज मला शिकवत काय होता?"

"तू यायचीस," तो म्हणाला. "रोज. मला वाटलं, सांगितलं तर येणार नाहीस."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग असता तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी म्हणता येतं.

"नुसतं ये म्हणायचं होतं हो," ती म्हणाली. "मी आले असते."

"मी बाईंना आत्ता सांगतो. सगळं सांगतो. अजून..."

"नको. त्यांनी शब्द दिलाय. तो पोरगा घरी जाऊन बायकोला सांगून आलाय." तिने दोऱ्याची गुंडाळी झटकून टाकली. "आणि 'नाही' मी म्हटलंय, तुम्ही नव्हे. तेवढं तरी माझं राहू द्या."

ती आत गेली. खिडकीतून तो बघत राहिला. तरुण शिंपी तिला काहीतरी विचारत होता, कपाट कुठे सरकवायचं असावं, आणि ती हाताने दाखवत होती, इकडे नको, उजेड अडेल, तिकडे.

पुढे ती त्या तरुण शिंप्याच्या हाताखाली काम करत राहिली. शिंपी वाईट नव्हता. तिला ताई म्हणायचा, अवघड काम तिच्याकडेच द्यायचा, आणि दुकानावर आपल्या नावाची पाटी लावताना तिच्याकडूनच सरळ आहे का ते बघून घेतली. घरी तिने या गोष्टीवरून एक वावगा शब्द काढला नाही. भाजी, दिव्याचं बटण, लेकीचा फोन. अनुस्वार तिच्या बोलण्यातल्या चुका आता दुरुस्त करत नसे. तिला ते जाणवलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

लाँड्रीकडे तो फिरकला नाही. कडकने एकदा रस्त्यात गाठून विचारलं, "काय रे, रागावलास?" तो म्हणाला, "छे, छे. डोळे त्रास देतात."

एका रविवारी संध्याकाळी ती खिडकीशी बसून लेकीसाठी काहीतरी विणत होती. बाहेर ऊन उतरलं होतं, हवा बरी होती. अनुस्वाराने चपला घातल्या, दारापर्यंत गेला, परत आला. घसा खाकरला.

"जरा चक्कर मारून येतो," तो म्हणाला. आणि मग, शब्द नवीन असल्यासारखा, "येतेस?"

तिने सुया थांबवल्या. क्षणभर खरंच विचार केला तिने, ते त्याला दिसलं.

"आज नको," ती म्हणाली. "ही बाही संपवते."

"मग उद्या?"

"बघू."

तो जिना उतरला. खाली रस्त्यावर उभा राहून त्याने वर पाहिलं. खिडकीतून फक्त तिचा खांदा दिसत होता, विणताना हलणारा. चक्कर मारतो म्हणालो आहोत तर मारायला हवी, म्हणून तो डावीकडे वळला. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं की आपण रस्त्याच्या एकाच कडेने, शेजारी दुसऱ्या माणसाला जागा ठेवून चालतो आहोत.